सुट्टीसाठी एक प्रश्न हवा

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आपल्या हॉस्टेलमध्ये दोन याद्या तयार होतात. एक ट्रंकेत काय भरायचे याची आणि दुसरी घरी गेल्यावर काय काय खायचे याची. यंदा दहावीच्या वर्गात तिसरी यादीही फिरत होती. सुट्टीत शाळकरी मुलांना शास्त्रज्ञांच्या हाताखाली संशोधन करायला मिळते, अशा इंटर्नशिपची ती यादी होती. प्रेपच्या वेळी तिच्यावर बरीच चर्चा झाली आणि शेवटी बहुतेकांनी ती वहीत घडी घालून ठेवून दिली. कोणाला फी परवडणारी नव्हती, कोणाची तारीख निघून गेली होती आणि काहींना वाटले, हे आपल्यासारख्यांसाठी नाही.

या शेवटच्या वाटण्याबद्दल मला लिहायचे आहे. माझे मत असे आहे की, सुट्टीतले संशोधन आपल्यासारख्या कॅडेट्ससाठीच सर्वांत जास्त उपयोगाचे आहे. ते पैसे न मोजता होऊ शकते आणि त्यासाठी शाळेने थोडासा पुढाकार घ्यायला हवा.

माझे घर सध्या होसकोट्याला आहे. आम्ही मूळचे चंदगड तालुक्यातले. बाबा हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि होसकोट्याच्या एका गोदामात सुरक्षा पर्यवेक्षक म्हणून लागले. बेंगळुरूपासून साधारण ३५ किलोमीटरवरचे हे गाव बहुतेकांना गोदामे, ट्रक आणि जुना मद्रास रस्ता यांच्यामुळेच माहीत असते. पण याच गावात शिडलघट्टा रस्त्यावर भारतीय खगोलभौतिकी संस्थेचा ‘क्रेस्ट’ नावाचा परिसर आहे. लडाखमध्ये हानले येथे सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे. सन २००० मध्ये तिने पहिल्यांदा आकाश पाहिले. ती दुर्बीण होसकोट्यात बसून उपग्रहाच्या दुव्यावरून चालवतात. रात्री लडाखच्या थंडीत घुमट उघडतो आणि आज्ञा जाते ती आमच्या गावातून! बाबांची एक पोस्टिंग लडाखमध्ये होती. तिकडचा वारा कसा असतो ते त्यांना चांगले माहीत आहे. मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे आम्ही तिथे गारठत होतो आणि हे लोक इथे पंख्याखाली बसून काम करत होते!”

एवढेच नाही. २८ सप्टेंबर २०१५ रोजी ॲस्ट्रोसॅट उपग्रह गेला, त्यावरची अतिनील दुर्बीण याच परिसरात जोडली गेली. २ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य-एल१ सूर्याकडे निघाले, त्यावरचे सूर्याचा प्रभामंडल पाहणारे मुख्य उपकरणही इथेच तयार झाले. तरी आमच्या गल्लीतल्या मुलांना विचारले तर त्या फाटकाच्या आत काय आहे हे एखाद्यालाच सांगता येईल. यात त्या मुलांना दोष देता येणार नाही. विज्ञानाची इमारत शेजारी असून भागत नाही, कोणीतरी हाताला धरून आत न्यावे लागते. अशा माणसालाच मार्गदर्शक म्हणतात.

असे नेण्याचा एक चांगला प्रयोग मराठी मुलखातच झाला आहे. पुण्याची ‘आयुका’ ही संस्था १९८८ साली डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने उभी राहिली. तिथे अनेक वर्षे उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळकरी मुलांचा कार्यक्रम चालवला गेला. पुण्यातल्या शाळांमधून मुले निवडली जात. आठवी-नववीतली ही मुले सोमवार ते शुक्रवार एका मार्गदर्शकाकडे काम करत. ठरावीक अभ्यासक्रम नव्हता. मुलांनी आणि मार्गदर्शकाने मिळून विषय ठरवायचा, ग्रंथालय मोकळेपणी वापरायचे आणि आठवड्याच्या शेवटी आपण काय केले त्याचा अहवाल लिहायचा. पाच-सहा मुलांमागे एक शास्त्रज्ञ आणि पाच दिवस. मोठी इमारत किंवा महागडे यंत्र यापेक्षा त्या शास्त्रज्ञाचा वेळ हा या कार्यक्रमाचा खरा खर्च होता.

नारळीकर सरांची आणखी एक सवय प्रसिद्ध आहे. मुले स्वाक्षरी मागायला आली की ते म्हणत, एका पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर देईन आणि त्याखाली माझी सही असेल. २० मे २०२५ रोजी सर गेले. त्यांनी मुलांना घातलेली ही अट मला फार महत्त्वाची वाटते. सही हवी असेल तर आधी प्रश्न पाहिजे. आज सुट्टीतल्या संशोधनाच्या नावाने जे चालते त्यात बऱ्याच ठिकाणी सही आधी मिळते आणि प्रश्न कोणी विचारतच नाही.

आता आपल्या गणवेशाशी संबंध असलेली गोष्ट सांगतो. शाळकरी मुलांसाठी जगात सर्वांत नावाजलेला उन्हाळी संशोधन कार्यक्रम अमेरिकेत एमआयटी या संस्थेत होतो. त्याचे नाव रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट. तो सुरू करणारा माणूस प्राध्यापक नव्हता, तो नौदलाचा ॲडमिरल होता! ॲडमिरल हायमन रिकोव्हर. त्यांना अणुशक्तीवर चालणाऱ्या नौदलाचे जनक म्हणतात. पहिली अणुपाणबुडी ‘नॉटिलस’ १९५४ साली त्यांच्याच देखरेखीखाली नौदलात आली. साठ वर्षांहून जास्त नोकरी करून १९८२ साली ते निवृत्त झाले. त्यानंतर आराम करायचे सोडून त्यांनी शिक्षणासाठी एक संस्था काढली आणि १९८४ साली हा उन्हाळी कार्यक्रम सुरू केला. सहा आठवडे चालतो. सुरुवातीला थोडे वर्ग, मग एका मार्गदर्शकाकडे प्रत्यक्ष काम, शेवटी लेखी निबंध आणि सर्वांसमोर सादरीकरण. निवड झालेल्या मुलाकडून शिक्षणाचे, राहण्याचे किंवा जेवणाचे पैसे घेत नाहीत.

रिकोव्हरना पाणबुडीत एक गोष्ट नीट कळली असणार. खोल समुद्रात अणुभट्टी चालवताना “मला वाटते ठीक आहे” असे म्हणून चालत नाही. कशावरून, हे सांगता आले पाहिजे. म्हणजे सैन्य आणि संशोधन ही दोन टोके आहेत असे समजण्याचे कारण नाही. आपल्या देशातही १९४८ साली डॉ. दौलतसिंह कोठारी यांना संरक्षण मंत्रालयाचे वैज्ञानिक सल्लागार नेमले गेले आणि पुढे १९५८ साली डीआरडीओ उभी राहिली. रायफल, रडार, उंचावरचे कपडे, तयार जेवणाची पाकिटे, या सगळ्यांमागे कोणीतरी मोजमाप करत बसलेले असते.

“पण पंधरा वर्षांचा मुलगा कसले संशोधन करणार?” असे काही सर आणि बरेच सीनिअर विचारतात. प्रश्न योग्य आहे. नवा कण शोधणे आपल्याला जमणार नाही. पण खऱ्या कामाचा छोटा तुकडा नक्की जमतो. २०२० साली सुरतच्या दहावीतल्या दोन मुलींनी हवाईतल्या दुर्बिणीने काढलेली चित्रे तपासून एक लघुग्रह शोधला. त्याला तात्पुरते नाव मिळाले एचएलव्ही २५१४. त्या दुर्बिणीजवळ गेल्या नव्हत्या. त्यांना चित्रे कशी तपासायची ते शिकवले गेले आणि त्यांनी ती डोळ्यांत तेल घालून तपासली.

दुसरे उदाहरण माझ्या घराजवळचे आहे. होसकोट्याचा तलाव पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. गेल्या मे महिन्यात मला तिथे एक मार्गदर्शक मिळाले. सरकारी शाळेतून निवृत्त झालेले जीवशास्त्राचे शिक्षक. गावात सगळे त्यांना मेष्ट्रु म्हणतात, म्हणजे कन्नडमध्ये मास्तर. मला कन्नड मोडकीतोडकी येते, त्यांना हिंदी तशीच, त्यामुळे आमचे छान जमले. पहिल्या दिवशी मी पक्ष्यांची नावे विचारत राहिलो. हळदी-कुंकू बदक, पाणकावळा, पांढऱ्या कपाळाचा वारकरी. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, नावे पुस्तकात आहेत, तू मला एक सांग, टिटव्या तलावाच्या कोणत्या काठाला जास्त असतात आणि माणसे फिरायला आली की कुठे जातात?

मग एकोणीस सकाळी मी त्याच वाटेने, त्याच वेळी, तेवढेच अंतर चाललो आणि टिटव्या मोजल्या. नियम तीन होते. वेळ आणि अंतर रोज लिहायचे. ओळखता आलेला प्रत्येक पक्षी लिहायचा, फक्त आवडता नाही. आणि एखाद्या दिवशी टिटवी दिसलीच नाही तर जागा कोरी ठेवायची नाही, शून्य लिहायचे. कोरी जागा म्हणजे पाहिले नाही. शून्य म्हणजे पाहिले, पण नव्हती. हा फरक मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात इतका स्पष्ट कळला नव्हता.

आठवड्याभरात उत्तर मिळाल्यासारखे वाटू लागले. सात वाजता फिरायला येणाऱ्यांची गर्दी झाली की त्या काठाच्या टिटव्या कमी व्हायच्या. मेष्ट्रुंनी विचारले, “माणसांमुळे की उन्हामुळे?” सात वाजता त्या काठावर ऊनही येत होते. मग ढगाळ सकाळ आणि उन्हाची सकाळ वेगळी करून पाहायला हवी होती. ढगाळ सकाळी मिळाल्या फक्त दोन. त्यामुळे माझ्या अहवालाचे शेवटचे वाक्य असे आहे: माणसे आणि ऊन यांपैकी कारण कोणते, हे या नोंदींवरून सांगता येत नाही. मेष्ट्रुंना ते वाक्य सर्वांत जास्त आवडले.

माझ्या नोंदी आम्ही ‘ई-बर्ड’वर भरल्या. असल्या नोंदींचे पुढे काय होते? २०२३ साली ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल आला. देशभरातल्या सुमारे ३० हजार पक्षिनिरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवर तो आधारलेला आहे आणि त्यात ९४२ जातींचा विचार केला आहे. कोणते पक्षी कमी होत आहेत हे त्यावरून कळते. त्या नोंदी करणाऱ्यांत मोठे शास्त्रज्ञ थोडे आणि माझ्या मेष्ट्रुंसारखे लोक खूप असणार. या कामाची फी शून्य. खर्च झाला तो एका वहीचा आणि मेष्ट्रुंना रोज पाजलेल्या कॉफीचा, आणि कॉफीचे पैसेही बहुतेक वेळा तेच द्यायचे.

आता त्या यादीतल्या पैसेवाल्या इंटर्नशिपबद्दल. बाबांच्या व्हॉट्सॲपवर अशीच एक जाहिरात आली होती. ऑनलाइन सहा आठवडे, ‘परदेशी मार्गदर्शक’, शेवटी प्रमाणपत्र आणि ‘शोधनिबंध छापून येण्याची हमी’. फी बाबांच्या कित्येक महिन्यांच्या पेन्शनएवढी होती. बाबांनी ती दोनदा वाचली आणि मला विचारले, “काय शोधायचे हे अजून ठरले नाही, मग छापून येणार हे आधीच कसे ठरले?” मला यावर उत्तर देता आले नाही आणि जाहिरातीतही नव्हते.

पैसे घेणारा प्रत्येक कार्यक्रम खोटा असतो असे मी म्हणत नाही. मार्गदर्शकाच्या वेळेला किंमत असते आणि कोणीतरी ती द्यायला हवी. पण ती पंधरा वर्षांच्या मुलाच्या घराने द्यायची ठरवली तर निवड आपोआप पैशावर होते. आपल्या शाळेत बरीच मुले जवानांची आणि जेसीओंची आहेत. आपण प्रवेश परीक्षा देऊन इथे आलो, वडिलांच्या खिशावर नाही. मग पुढच्या पायरीवर खिसा मध्ये का यावा? इस्रोचा ‘युविका’ हा कार्यक्रम २०१९ साली नववीतल्या मुलांसाठी सुरू झाला. दोन आठवडे इस्रोच्या केंद्रात राहायचे, प्रवास, राहणे, जेवण सगळे इस्रो करते. निवडीत खेड्यातल्या शाळेला आणि एनसीसीलाही गुण धरलेले आहेत. सरकारला हे जमते, रिकोव्हरच्या संस्थेला जमते, मेष्ट्रुंनाही जमते.

काही आक्षेप माझ्या मित्रांचेच आहेत. पहिला असा की, वर्षभर पीटी, ड्रिल, प्रेप करून सुट्टी मिळते, त्यातही काम? माझ्या आईचेही हेच म्हणणे होते. ती म्हणाली, “आधीच चार दिवसांसाठी येतोस.” तिचे बरोबर आहे. म्हणूनच मी दिवसभर डांबून ठेवणाऱ्या शिबिराची मागणी करत नाही. सकाळचे दोन तास पुरतात आणि ज्याला नको त्याच्यावर सक्ती नको. दुसरा आक्षेप असा की, आपल्याला एनडीएला जायचे आहे, शास्त्रज्ञ व्हायचे नाही. पण एनडीएतही तीन वर्षे शिकून पदवी घ्यावी लागते, आणि पुढे हातात जे नकाशे, रडार आणि ड्रोन येतील त्यांच्यावरचा आकडा खरा की खोटा हे ओळखावे लागेल. तिसरा आक्षेप सरांचा आहे. शास्त्रज्ञांना वेळ कुठे असतो? त्याला उत्तर म्हणजे आयुकाचा आठवडा. वर्षभर नको, पाच दिवस मागू. आणि मोठ्या शास्त्रज्ञाऐवजी त्यांच्याकडे पीएच.डी. करणारे ताई-दादा मिळाले तरी आम्हाला आनंदच आहे.

म्हणून शाळेकडे माझ्या तीन सूचना आहेत.

पहिली, जानेवारीत सायन्स क्लबच्या फलकावर एक कागद लागावा. त्यावर फक्त विनामूल्य कार्यक्रम असावेत: युविका, लघुग्रह शोध मोहीम, पक्षिगणना, राष्ट्रीय बालविज्ञान परिषद. समोर अर्जाची शेवटची तारीख. आपल्याकडे फोन नसतो आणि वर्तमानपत्र चार दिवसांनी हातात पडते, म्हणून संधी हुकण्याचे सर्वांत मोठे कारण तारीख हेच असते.

दुसरी, शाळेच्या लेटरहेडवर पाच-सहा संस्थांना पत्र जावे. होसकोट्याचा क्रेस्ट परिसर, बेंगळुरू आणि पुण्यातल्या डीआरडीओच्या प्रयोगशाळा, जवळचे कृषी विद्यापीठ. दरवर्षी दोन कॅडेट, पाच दिवस, एवढीच विनंती. राहण्याची सोय युनिटमध्ये किंवा माजी विद्यार्थ्यांकडे होऊ शकेल. काही जण नाही म्हणतील. पण एका पंधरा वर्षांच्या मुलाने फाटकावर जाऊन विचारणे आणि शाळेने पत्र लिहून विचारणे यात फार फरक पडतो. आणि ते दोन कॅडेट निवडताना गुणपत्रिका पाहू नये. ज्याला जायचे आहे त्याने एका पानावर आपला प्रश्न लिहून द्यावा आणि सरांनी प्रश्न वाचून ठरवावे.

तिसरी सूचना सर्वांत स्वस्त आहे आणि ती प्रत्येकाला लागू होते. प्रत्येक कॅडेटने आपल्या गावातला एक जाणकार माणूस शोधावा. चंदगडला माझ्या आजोबांच्या घराजवळ काजूचे कारखाने आहेत. तिथल्या एखाद्या जुन्या कामगाराला विचारता येईल की फोडताना शंभरातले किती काजूगर तुटतात आणि का. कोणाच्या गावात साखर कारखान्याचा केमिस्ट असेल, कोणाच्या गावात जनावरांचा डॉक्टर, कोणाच्या गावात रोज पाऊस मोजणारा कर्मचारी. शाळेने ओळखीचे एक पत्र आणि कोरी वही द्यावी. जूनमध्ये परत आल्यावर हॉलिडे होमवर्कच्या एका फाइलऐवजी दहा मिनिटांचे सादरीकरण घ्यावे आणि नंतर ज्युनिअर्सना प्रश्न विचारू द्यावेत. ज्याच्याकडे उत्तर नसेल त्याने “अजून माहीत नाही” असे म्हणावे. त्याचे गुण कापू नयेत.

मित्रांनो, या सुट्टीत पत्र येण्याची वाट पाहू नका. घरी गेल्यावर पहिले दोन दिवस पोटभर खा, झोपा, आईचे ऐका. तिसऱ्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर एक प्रश्न लिहा, असा की ज्याचे उत्तर तुमच्याकडे नाही आणि मोजून पाहता येईल. मग गावात विचारा की हे कोणाला माहीत असेल. माझा टिटव्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. यंदा मे महिन्यात मला ढगाळ सकाळी हव्या आहेत, निदान दहा.

जय हिंद!